विषयाच्या ओळीचा पूर्णविराम

रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता माझ्या दोन ओळींची चौथी आवृत्ती परत आली. कारण असे की, विषयाच्या ओळीच्या शेवटी मी पूर्णविराम दिला होता आणि तिथे पूर्णविराम द्यायचा नसतो. उत्तरात याव्यतिरिक्त काहीही नव्हते. नमस्कार नव्हता, आभार नव्हते आणि त्या वाक्याच्या शेवटी, तत्त्वाला धरूनच म्हणायचे, पूर्णविरामही नव्हता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतल्या एका लहानशा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एक उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, मला एक चूक सापडली. ड्रायव्हरचे नाव सांगत नाही, कारण पाचवी आवृत्ती घेऊन मला त्याच दारात उभे राहायचे आहे. उपकरण सुरू करताना हा ड्रायव्हर चिपला ठोके पुरवणारे घड्याळ चालू करतो, पुढच्या पायरीवर काही बिघडले की तसे कळवून बाहेर पडतो, पण जाताना घड्याळ बंद करायला विसरतो. गॅसवर दूध ठेवून, दाराला कुलूप लावून डोंबिवलीला लग्नाला निघून जावे, तसा हा प्रकार आहे. मी बाहेर पडण्याच्या वाटेवर घड्याळ बंद करणारी एक ओळ आणि तिच्यासाठी लागणारी किंमत साठवणारे एक व्हेरिएबल, अशा दोन ओळी घातल्या आणि हा बदल, म्हणजे पॅच, ईमेलने परीक्षकांकडे पाठवला.

पहिली आवृत्ती परत आली ती व्हेरिएबल चुकीच्या जागी जाहीर केले म्हणून. कर्नलच्या काही शाखांत या घोषणा लांबीच्या उतरत्या क्रमाने लिहाव्या लागतात, सर्वांत लांब ओळ वर आणि सर्वांत आखूड तळाशी. या रचनेला 'उलटा ख्रिसमस ट्री' म्हणतात. दुसऱ्या आवृत्तीत, ही चूक मुळात कोणत्या जुन्या बदलामुळे शिरली ते सांगणाऱ्या 'फिक्सेस'च्या ओळीत त्या बदलाच्या ओळख-क्रमांकाची पहिली 12 अक्षरे हवी होती. मी 8 लिहिली. तिसऱ्या आवृत्तीत 'या पॅचमुळे घड्याळ बंद होते' अशा अर्थाचे वर्णन केले होते. वर्णन आज्ञार्थी असावे, जणू आपण कोडलाच हुकूम सोडतो आहोत, असा तिथला नियम आहे. या साऱ्या व्यवहारात माझ्याशी नम्रपणे बोलला तो फक्त एक स्वयंचलित कार्यक्रम. आलेले पॅच कंपाइल होतात का, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतात का, ते पाहणे एवढेच त्याचे काम असते. त्याने माझी एक चूक दाखवली आणि ती सुधारल्यास आपल्या नावाची एक ओळ कृपया जोडावी, अशी विनंती केली. मी ती आनंदाने जोडली. कोणीतरी 'कृपया' म्हणाले होते.

चौथ्या आवृत्तीचे उत्तर दुसऱ्यांदा वाचत असतानाच दाराची घंटा वाजली आणि काका आले.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत नुसते 'काका' म्हटले की दुसऱ्या मजल्यावरचे, सोसायटीचे सचिव असलेले काका, असेच समजले जाते. एका सरकारी खात्यातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली, तरी दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा ते अजून 'पाहिले' असा शेरा मारल्याच्या मुद्रेने वाचतात. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिच्या नोटिशीचा मसुदा त्यांनी हाती लिहून आणला होता आणि तो मी 'दोन मिनिटांत' टाइप करून द्यायचा होता. मुंबईतल्या सोसायटीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा मनुष्य म्हणजे फुकटचा टंकलेखक, प्रिंटरचा वैद्य आणि मे महिन्यात रत्नागिरीच्या तिकिटांसाठी सकाळी आठच्या ठोक्याला बोटे सज्ज ठेवणारा घरगडी असतो. याबद्दल मी एकदा सविस्तर लिहिणार आहे. आज पूर्णविरामाचाच विषय पुरे आहे.

काका माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि परवानगी वगैरे न विचारता पडद्यावरचा मजकूर वाचू लागले.

"ही नस्ती कोणाकडे प्रलंबित आहे?" त्यांनी विचारले.

नस्ती वगैरे काही नाही, हा एका ऑपरेटिंग सिस्टीममधला बदल आहे, ती फुकट आणि सर्वांना खुली असते, जगातला कोणीही तिच्यात दुरुस्ती सुचवू शकतो, असे मी सांगू लागलो. काकांनी हात वर करून मला थांबवले.

"ते सगळे असू दे. त्रुटी काढून परत पाठवली आहे, हे मला दिसते. खाली सह्या कोणाच्या आहेत?"

सह्यांच्या जागी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ असते. 2003 साली एका कंपनीने आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप करून न्यायालय गाठले. त्यानंतर 2004 मध्ये, हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे प्रत्येकाने स्वतःच्या नावानिशी लिहून द्यावे, ही प्रथा सुरू झाली. आधी माझी ओळ, तिच्याखाली माझा पॅच स्वीकारणाऱ्या मेंटेनरची, म्हणजे त्या भागाची देखभाल करणाऱ्याची, आणि वाटेत तो आणखी कोणाच्या हातून गेला तर त्याचीही. हे ऐकताना काकांच्या चेहऱ्यावर जे तेज चढले, ते मी त्यांच्या नातवाच्या मुंजीतही पाहिले नव्हते.

"लिपिक, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव," ते बोटांवर मोजत म्हणाले. "आणि हे 'अ‍ॅक्ड-बाय' काय आहे?"

"ज्याचा त्या भागाशी संबंध आहे, त्याची हरकत नाही, असे."

"सहमत. आणि ही 'सीसी'?"

"प्रत माहितीसाठी."

"माहितीस्तव," काकांनी दुरुस्ती केली. कोणता पॅच कोणाकडे पाठवायचा हे सांगणारी एक स्क्रिप्ट कर्नलमध्येच असते, हे सांगितल्यावर त्यांनी तिला आवक-जावक लिपिकाचे पद दिले. उलटा ख्रिसमस ट्री समजावून सांगायला मला अवघड जाईल असे वाटले होते, परंतु व्याख्या अर्धी होताच ते म्हणाले, "म्हणजे ज्येष्ठता सूची. सर्वांत लांब सेवा झालेला वर. यात तू चुकलास कसा?"

यानंतर त्यांनी कोडचा समास पाहिला. कर्नलमध्ये प्रत्येक पायरीला आठ रकान्यांचा समास सोडतात आणि तो चारवर आणू पाहणारे लोक म्हणजे पायची किंमत 3 ठरवू पाहणारे लोक, असे तिथल्या नियमावलीत लिहिले आहे. काका खुर्चीच्या पाठीला धरून हसले. हे कोणी लिहिले, असे त्यांनी विचारल्यावर मी लिनस टोरवाल्ड्स यांची माहिती दिली: 25 ऑगस्ट 1991 रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना त्यांनी आपल्या या उद्योगाची पहिली घोषणा केली, आणि हा केवळ छंद आहे, मोठे काही होणार नाही, असे तीत स्पष्ट म्हटले.

"हंगामी नेमणुका अशाच कायम होतात," काका म्हणाले.

इथवर मी सहन केले. काका माझ्या बाजूने नाहीत हे मला कळले होते, पण ते निदान कोणाच्याच बाजूने नसावेत, अशी माझी अपेक्षा होती. आज्ञार्थाच्या नियमाशी मात्र त्यांचे भांडण झाले. कनिष्ठाने वरिष्ठांकडे जाणाऱ्या कागदावर 'घड्याळ बंद कर' असे लिहावे, ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. 'घड्याळ बंद करण्यात यावे' असे लिहून पाहा, सौम्य वाटेल, असे त्यांनी सुचवले. हुकूम साहेबाला नाही, कोडला द्यायचा असतो, हे सांगून पटले नाही. अखेर त्यांची नजर विषयाच्या ओळीवर आली.

"विषयाच्या शेवटी 'बाबत' नाही."

"इंग्रजीत 'बाबत' लिहीत नाहीत, काका."

"बरे, पण पूर्णविराम काढायला सांगतो आहे? विषयाचा?" त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ओळ पुन्हा वाचली. "विषय पूर्ण झाला, हे वाचणाऱ्याला कळणार कसे?"

त्या क्षणी मला काकांविषयी जे प्रेम वाटले, ते साधारण चार सेकंद टिकले. कारण लगेच ते म्हणाले, "पण सांगितले आहे ना? मग काढ आणि फेरसादर कर. साहेबाशी पूर्णविरामावरून वाद घालणारा मनुष्य पुढे पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालताना मी पाहिला आहे."

तेव्हा माझा आवाज थोडा चढला. मी म्हणालो की, या चार फेऱ्यांत माझे व्हेरिएबल, माझा क्रमांक, माझे क्रियापद आणि माझा पूर्णविराम यांची तपासणी झाली. परंतु त्या दोन ओळींनी घड्याळ खरोखर बंद होते की नाही, यावर एकाही जिवंत माणसाने एक शब्द लिहिलेला नाही. दूध अजून गॅसवर आहे आणि आपण कुलपाच्या रंगाविषयी बोलतो आहोत.

"तो गुणवत्तेचा भाग झाला," काका शांतपणे म्हणाले. "तो शेवटी बघतात. आधी नस्ती परिपूर्ण हवी."

खरे सांगायचे तर, परक्या माणसाकडून आलेल्या छोट्याशा दुरुस्तीकडे ते लोक संशयाने का पाहतात, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील संशोधकांनी, परीक्षक जागे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी, दुरुस्तीच्या वेषातले सदोष पॅच मुद्दाम पाठवले होते. तेही असेच, चूक झाल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवरचे, दिसायला निरुपद्रवी. एप्रिल 2021 मध्ये कर्नलचे एक ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणेच थांबवले आणि आधी घेतलेल्या शेकडो बदलांची नव्याने छाननी करावी लागली. काकांना हे सांगितले असते तर त्यांनी 'काळी यादी' एवढेच म्हटले असते, म्हणून मी सांगितले नाही. पण मग, संशय होताच, तर त्या दोन ओळी वाचायच्या. पूर्णविरामात कोणी चोरदार बसवत नाही.

दोष पूर्णविरामाचा नाही, आपल्या सर्वांचा आहे. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 साली लिहून ठेवले आहे की, एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा प्रस्ताव समितीत चटकन मंजूर होतो, कारण ती कोणालाच कळत नसते, आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल-शेडवर मात्र प्रत्येक जण बोलतो. 1999 मध्ये फ्रीबीएसडी या दुसऱ्या एका खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'स्लीप' या, ठरावीक वेळ थांबायला लावणाऱ्या कमांडला सेकंदाचे अपूर्णांक द्यावेत की नाही, यावर इतका काथ्याकूट झाला की तिथलेच एक प्रोग्रामर पॉल-हेनिंग कॅम्प यांनी या सायकल-शेडचीच गोष्ट सांगून सर्वांची कानउघाडणी केली. तेव्हापासून असल्या चर्चेला त्या जगात 'बाइकशेडिंग' म्हणतात. आमच्या सोसायटीला हा शब्द नसला तरी विद्या अवगत आहे. गेल्या सभेत इमारतीच्या पुनर्विकासासाठी सल्लागार नेमण्याचा विषय चहा येण्याआधी संपला, आणि लिफ्टमध्ये आरसा बसवावा काय, या विषयावर रात्री पावणेअकरापर्यंत भाषणे झाली. मीही बोललो. मी आरशाच्या विरोधात होतो.

तर, काकांची नोटीस. ती मी टाइप केली, प्रिंट काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. 'विषय : वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आयोजनाबाबत' या ओळीवरून त्यांचे बोट सावकाश सरकत गेले आणि शेवटच्या अक्षरापुढच्या कोऱ्या जागेवर थांबले.

"पूर्णविराम राहिला," ते म्हणाले.

राहिला नव्हता. चार फेऱ्यांनंतर माझी बोटेच तो द्यायला कचरत होती. मी तो दिला आणि दुसरी प्रिंट काढली. त्या प्रिंटमध्ये डावीकडचा समास, नस्तीला भोके पाडल्यावर पहिले अक्षर जाईल इतका, कमी निघाला. तिसऱ्या प्रतीवर त्यांनी झोकदार सही केली, आधीच्या दोन्ही प्रती फाडू नयेत, 'पूर्वपीठिका' म्हणून जोडायच्या आहेत, असे बजावले आणि चहा न घेता ते गेले. तीन आवृत्त्यांत काम झाले. माझ्या परीक्षकापेक्षा काका एका फेरीने दयाळू निघाले, हे इथे नोंदवणे मला भाग आहे.

त्याच रात्री मी पाचवी आवृत्ती पाठवली. पूर्णविराम काढला आणि तीन आडव्या रेघांखाली, जिथे मागच्या आवृत्तीपासून काय बदलले ते लिहायचे असते, 'विषयाच्या ओळीतील पूर्णविराम काढला' असे लिहिले. त्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा की नाही, यावर माझी दहा मिनिटे गेली.

आज गुरुवार आहे आणि उत्तर नाही. आठवण करून देण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबावे, असा तिथला नियम आहे. सकाळी लिफ्टमध्ये (आरसा अखेर बसला आहे) काका भेटले, तेव्हा त्यांनी 'नस्ती कुठवर आली?' असे विचारले. मी आठवड्याचा नियम सांगितला. त्यांनी मान डोलावली, खिशातून छोटी डायरी काढली, रविवारच्या पानावर 'तिसरा मजला, स्मरणपत्र क्र. 1 देणेबाबत' असे लिहिले आणि पुढे, माझ्याकडे आरशातून बघत, पेनचे टोक कागदात रुतेल इतक्या जोराने पूर्णविराम दिला.