ग्रहणात मुसळ उभं राहतं, पण इतर दिवशीही राहतं

ग्रहण आलं की परातीतल्या पाण्यात आधाराविना उभ्या मुसळाचे फोटो फिरू लागतात. सोबत दावा असतो: ग्रहणात सूर्य-चंद्राच्या ओढीमुळे मुसळ उभं राहतं आणि ग्रहण सुटताच पडतं.

फोटो खरे असतात, कारण मात्र चुकीचं. मुसळाचं टोक टोकदार नसतं. खाली लोखंडी कडं बसवलेलं असतं, त्याची कड सपाट असते. मुसळाचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे त्याचं सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, त्या कड्याच्या बरोबर वर, कडेच्या आतल्या बाजूला आला की ते उभं राहतं. आमचं मुसळ मी परवा, ग्रहण नसताना, परातीत उभं केलं. चार वेळा कलंडलं, पाचव्या वेळी हात हळूच सोडला तर राहिलं. जेवणं आटोपली तरी तसंच होतं. कुणीतरी हलवेपर्यंत ते पडत नाही!

ओढीचं म्हणाल तर दर अमावास्येला सूर्य-चंद्र जवळपास एकाच दिशेला असतात. त्यांच्या भरती-ओहोटी घडवणाऱ्या परिणामाने २ किलोच्या मुसळाचं वजन १ मिलिग्रॅमनेही बदलत नाही. ग्रहणात फक्त सावली पडते, ओढ काही वेगळी होत नाही.

ग्रहण नसलेल्या दिवशी मुलांच्या हाती मुसळ द्या, त्यांनाच उभं करू द्या.