जुन्या गाडीची ऑइलगळती आणि बाटलीवरचा भरवसा

पावसाळा तोंडावर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मोबाइलवरच्या गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे : जुन्या गाडीतून ऑइल गळणारच, त्यासाठी इंजिनाला हात लावू नये, जाड ऑइल भरावे, गळती थांबवणाऱ्या द्रवाची एक बाटली ओतावी, जिथे थेंब पडतो तिथले बोल्ट आवळून वरून सिलिकॉन फासावे, आणि तरीही गळत राहिले तर गळू द्यावे, कारण खाऱ्या हवेत तेच ऑइल चासीला गंजू देत नाही. जुनी ओम्नी किंवा बोलेरो जिवापाड जपणारी माझ्या ओळखीची माणसे हा सल्ला मनापासून पाळतात आणि त्यात त्यांचे नुकसान होते, म्हणून यातले एकेक विधान तपासतो.

सर्वांत महागात पडते ते ‘जिथे थेंब, तिथे गळती’ हे विधान. ऑइल वरून ओघळते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि इंजिनाच्या सर्वांत खालच्या कडेवरून ठिबकते. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून थेंब पडत होते. क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची, मागची सील गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे निदान झाले होते. त्याआधी थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतले, फडक्याने कोरडे केले, वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरवली आणि दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून पांढऱ्या पावडरीतून खाली उतरलेली तपकिरी ओली रेघ डोळ्यांना स्वच्छ दिसली. काढलेले पॅकिंग बोटांनी वाकवताच बिस्किटासारखे तुटले. तेवढे एक पॅकिंग बदलले आणि ‘मागच्या सीलची’ गळती थांबली. शोध नेहमी वरून खाली घ्यावा : टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, कॅम आणि क्रँकच्या सील, आणि शेवटी चेंबर (इंजिनाच्या बुडाचे ऑइलचे भांडे) व त्यातले ऑइल काढायचा ड्रेन नट. आपल्या अंगणातला जांभा थेंब शोषून घेतो, तेव्हा रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. थेंब कुठे आणि किती पडले ते सकाळी त्यावर वाचता येते.

बोल्ट आवळण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. टॅपेट कव्हरचे बोल्ट बारीक असतात आणि त्यांना फार थोडा जोर पुरतो. जास्त आवळले की पत्र्याचे कव्हर बोल्टाच्या भोकाभोवती दबते, दोन बोल्टांमधला पत्रा उचलला जातो आणि बुचाचे पॅकिंग चिरते. असे दबलेले कव्हर सपाट करून घेतल्याशिवाय नवे पॅकिंगही टिकत नाही. सिलिकॉन तेलकट पृष्ठभागावर बाहेरून धरत नाही, आणि चेंबर बसवताना ते भरमसाट लावले तर आत सुटलेला तुकडा ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकून इंजिन कोरडे पडू शकते.

बाटलीत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. तिच्यातली रसायने कडक झालेल्या रबरी सीलला थोडे फुगवतात, त्यामुळे सीलमधून झिरपणारे ऑइल काही काळ कमी होऊ शकते. पण कागदी किंवा बुचाच्या पॅकिंगवर, तुटलेल्या रबरावर आणि गंजून भोक पडलेल्या चेंबरवर तिचा काहीही उपयोग नाही. जाड ऑइलाने गळतीचा वेग थोडा कमी होतो एवढेच. उलट सकाळी थंड इंजिन सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते, आणि नेमकी तेव्हाच झीज अधिक होते.

या संदेशात ज्याचे नावही नाही, त्या ब्रीदर पाइपकडे मात्र सर्वांचे लक्ष वेधायला हवे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो आणि तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. पाइप किंवा त्यातला व्हॉल्व्ह चिकट गाळाने तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमकुवत सीलमधून बाहेर ढकलले जाते. ती सील बदलली की दुसरी गळू लागते, आणि मालकाला वाटते की गाडीच म्हातारी झाली. बाजारापर्यंत जाऊन लगेच परतणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते, तीच या नळीतही साचते. इंजिन मंद चालू ठेवून झाकण काढावे आणि त्या तोंडावर कागद धरावा. कागद जोराने उडवला जात असेल तर नवी सील आणण्याआधी ब्रीदर साफ करावा. ब्रीदर मोकळा असूनही जोर तसाच राहिला तर रिंगा झिजल्या आहेत, असे समजावे.

सील बदलतानाही शाफ्टवर नख फिरवून पाहावे. जुन्या सीलच्या ओठाने तिथे खाच पाडली असेल, तर नवी सील त्याच जागी बसवून गळती थांबत नाही. जागा असल्यास ती किंचित पुढेमागे बसवावी लागते.

राहिला गंजाचा मुद्दा. ऑइलचा थर लोखंडाला खाऱ्या हवेपासून वाचवतो, हे खरे आहे. परंतु गळके ऑइल फक्त इंजिन-गिअरबॉक्सच्या बुडाशी पसरते, आणि गंज धरतो तो चासीच्या पोकळ भागांत व दारांखालच्या पट्ट्यांत. वाटेत ते इंजिनाच्या रबरी माउंटिंगला फुगवून मऊ करते. शिवाय डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. पातळी उतरलेल्या गाडीने आंब्याच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात वळण घेतले की ऑइल एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. दिवा लागेपर्यंत बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असते. गंजापासून चासी वाचवायची असेल तर पावसाआधी गाडीखालून पाणी मारून मीठ-चिखल काढावा, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मग गंजरोधक लेप मारून घ्यावा. त्याच वेळी चेंबरचा पत्रा पेचकसाच्या टोकाने हलकेच टोचून पाहावा. पापुद्रे निघत असतील तर चेंबर तेव्हाच बदलावा.