'कनेक्टेड' म्हणणारी स्क्रिप्ट

इंटरनेट चालू आहे की नाही, हे पाहणारी शेल स्क्रिप्ट (म्हणजे शेल या प्रोग्रामने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी) अत्यंत निरुपद्रवी असते, हा समज ती दुरुस्त करायला बसेपर्यंत टिकतो. माझ्या वाट्याला आलेली स्क्रिप्ट जेमतेम दहा-बारा ओळींची होती आणि तिचे कर्ते केव्हाच दुसरीकडे रुजू झालेले असल्यामुळे तिच्याविषयीची तक्रार ऐकून घ्यायला मीच उरलो होतो. तक्रार एवढीच होती, की ती कधीही तक्रार करत नाही. समोर एकही पान उघडत नसताना ठरल्या वेळी कामे सुरू करणारा क्रॉन तिला दर पाच मिनिटांनी उठवत असे आणि ती लॉगमध्ये 'कनेक्टेड' असे लिहून शांतपणे झोपी जात असे.

शेवटी मी राउटरमध्ये बाहेरून येणारी केबल उपटली. नोंद आली, 'कनेक्टेड'. मग संगणकाचीच केबल काढली, तेव्हा मात्र बाईंनी निमूटपणे 'डिस्कनेक्टेड' म्हटले, आणि स्क्रिप्ट ठीक असून राउटरच संशयास्पद आहे, असे वाटण्याइतपत माझी बुद्धी भ्रमित झाली.

स्क्रिप्ट ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर पिंग करत होती, म्हणजे छोटी पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहत होती, आणि येणाऱ्या मजकुरात ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेकडून '०% पॅकेट लॉस' (एकही पॅकेट हरवले नाही) ही अक्षरे शोधून घेत होती. ती सापडली, की इंटरनेट आहे. आता एकही उत्तर आले नाही, तर पिंग '१००% पॅकेट लॉस' असे छापते, आणि '१००%' च्या शेपटाला '०%' असतेच! ग्रेपला अर्थाशी कर्तव्य नसते. अक्षरे जुळली, की ते कृतार्थ होते. संगणकाची स्वतःची केबल काढल्यावर पिंगला पॅकेट पाठवायला मार्गच उरत नाही, त्यामुळे ते हा हिशेब न छापताच चूक सांगून थांबते, आणि म्हणूनच तेवढ्यापुरते सत्य बाहेर पडले होते.

वास्तविक हा मजकूर वाचण्याची काहीच गरज नव्हती. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेले हे पिंग लिनक्सवर आपला निकाल एक्झिट कोडमधून, म्हणजे संपताना मागे ठेवलेल्या आकड्यातून, देते: उत्तर आले तर ०, आले नाही तर १ आणि अन्य काही बिघडले तर २. (शून्य मिळवणाऱ्याला उत्तीर्ण ठरवणारी ही व्यवस्था शाळेत असताना लाभली असती, तर घरी प्रगतिपुस्तक दाखवणे पुष्कळ सोपे गेले असते.) म्हणून ग्रेप काढून मी एक्झिट कोड तपासायला लावला, तरीही 'कनेक्टेड'! कारण त्याच ओळीत, मजकूर लॉगमध्ये उतरावा म्हणून, पिंगपुढे पाइप (एका आज्ञेचा मजकूर पुढच्या आज्ञेकडे नेणारी खूण) लावून टी ही आज्ञा जोडलेली होती, आणि पाइपलाइनचा निकाल शेल शेवटच्या आज्ञेवरून ठरवते. पिंग नापास होत होते आणि गुणपत्रिका मात्र टीची लागत होती. बॅश या शेलमध्ये, पाइपलाइनमधली कोणतीही आज्ञा नापास झाली तरी निकाल नापास ठरवणारा पाइपफेल हा पर्याय चालू केल्यावर हा अन्याय थांबला.

त्यानंतर ८.८.८.८ उत्तर देत असूनही डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी यंत्रणा) बंद असल्यामुळे एकही संकेतस्थळ उघडत नाही, असा प्रसंग उद्भवला आणि मी वेबपान मागवून पाहणाऱ्या कर्लला शरण गेलो. त्याचे कोड निदान बोलके असतात: नाव सापडले नाही तर ६, वेळ संपली तर २८. लॉगिन मागणारे वाय-फाय कोणत्याही पानाच्या जागी आपलेच पान २०० या यशस्वी कोडसह पुढे करू शकते, म्हणून ज्या पत्त्यावरून रिकामे २०४ ('यश, पण मजकूर नाही' असे सांगणारा कोड) येणे अपेक्षित असते, त्या पत्त्याला विचारून २०४ आले तरच विश्वास ठेवायचा, असेही ठरवले.

आता स्क्रिप्ट खरे बोलू लागली. पुढच्या वेळी इंटरनेट गेले, तेव्हा तिने ते पहिल्याच फेरीत ओळखले आणि कर्त्यांनी घालून दिलेल्या नियमानुसार मला तातडीने ईमेल पाठवला. तो अर्थातच रांगेत अडकला, पाच मिनिटांनी त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, आणि इंटरनेट परत येताच 'इंटरनेट बंद आहे' असे कळवणारे सगळे ईमेल एकामागून एक माझ्याकडे विनाविलंब पोहोचले.