लिथियम बॅटरीवरचा 'एएच' आकडा: एक खुलासा

नागपुरातल्या हौशी रेसिंगवाल्यांत एक मेसेज फिरतोय: 'लेड-ॲसिड (नेहमीची जड बॅटरी) काढा, तेवढ्याच एएचची लिथियम टाका, वजन वाचेल, बाकी काही बघू नका.' एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप. वजनाचं खरं आहे. बाकी अर्धवट आहे, आणि तेच ट्रॅकवर गाडी बंद पाडतं.

बऱ्याच हलक्या लिथियम बॅटऱ्यांवरचा एएच आकडा 'लेडच्या तोडीचा' असतो, म्हणजे सेल्फ तेवढ्याच जोमाने फिरतो. प्रत्यक्ष साठा साधारण एक तृतीयांश. परवा गॅरेजमध्ये एक स्टिकर नीट वाचलं: वर ठळक २४, खाली बारीक अक्षरात ८. पंप, इग्निशन, पंखा मिळून २० ॲम्पिअर धरा. अल्टरनेटरचा (धावत्या गाडीत वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा) पट्टा तुटला, की सगळा भार बॅटरीवर, आणि ८ एएच २५ मिनिटंसुद्धा पुरत नाही. खरा आकडा विचारूनच घ्या हो!

त्यात आपला मे महिना. पारा ४५ ला टेकतो, बॉनेटखाली तर विचारूच नका. या बॅटऱ्यांत सहसा असणारं लिथियम आयर्न फॉस्फेट इतर लिथियमपेक्षा सुरक्षित, पण उष्णतेने आयुष्य घटतंच. बॅटरी इंजिनपासून लांब, सीटमागे घट्ट क्लॅम्प करा. चार्जिंग १४.६ व्होल्टच्या वर जाता कामा नये. जुन्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, आधी मीटर लावून बघा.