मदत म्हणू नका, भरपाई म्हणा

आज सकाळी आमच्या जुन्या कबड्डीवाल्यांच्या ग्रुपवर क्यूआर कोड आला. कोवळा पोरगा, गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशनला पैसे नाहीत. 'फूल ना फुलाची पाकळी, सढळ हाताने मदत करावी ही नम्र विनंती.' खाली सगळ्यांचे जोडलेले हात. पैसे मीही पाठवले. पण ती 'नम्र विनंती' दिवसभर डोक्यातून जाईना. विनंती कसली? पोरगा कुणाच्या स्पर्धेत खेळत होता? कमानीवर फोटो कुणाचे होते? पहिला फोन त्यांना का नाही गेला?

माझ्या दादाला इथले बरेच जण ओळखतात. डावा कोपरा सांभाळायचा, पकडीसाठी. त्याच्या हातात घोटा सापडला की चढाईवाला परत जात नसे. व्यावसायिक गटात एका कंपनीच्या संघात होता, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. ज्या स्पर्धेत त्याचा गुडघा गेला तिथे दोन मॅटच्या सांध्यावरची टेप सुटली होती. मध्यंतराला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. 'बघतो रे, सामना संपू दे,' असं उत्तर मिळालं. उत्तरार्धात पाय त्या फटीत अडकला आणि वरून चढाईवाला पडला. कडकन आवाज आला. मी तिसऱ्या रांगेत होतो, मला ऐकू आला.

कंपनीने पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट केलं नाही. आयोजकांनी मात्र पुढच्या वर्षी आवर्जून बोलावलं. शाल, श्रीफळ आणि पाकिटात ५,००१ रुपये. स्टेजला चार पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. दादा एक-एक पायरी दोन्ही पाय टेकवत चढला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा आजही राग येतो.

इंग्लंडमध्ये बेन कॉलेट नावाचा पोरगा होता. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा, वय १८, मुख्य संघातून एकही सामना खेळलेला नाही. २००३ साली राखीव संघाच्या सामन्यात मिडल्सब्रोच्या खेळाडूने घातलेल्या टॅकलने त्याचा पाय मोडला. समोरच्या क्लबने चूक कबूल केली. मग कोर्टाने काय मोजलं? हॉस्पिटलचं बिल नव्हे. हा पोरगा धडधाकट राहिला असता तर कुठवर गेला असता, किती कमावलं असतं, ते मोजलं. साक्षीला खुद्द युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन. २००८ साली चाळीस लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. न झालेल्या करिअरची! आमच्याकडे झालेल्या करिअरला नारळ.

मान्य, प्रत्येक पकडीवर कोर्टात गेलं तर खेळ उरणार नाही. तिथेही १९९४ साली चेल्सी क्लबचा फुटबॉलपटू पॉल इलियट असाच दावा हरला होता. अंगाला अंग भिडणारा खेळ आहे, लागणारच. पण सुटलेली टेप हा खेळाचा भाग नाही. सांगून न चिकटवलेली टेप तर नाहीच नाही.

आणि गुडघा गेला म्हणजे सगळं संपतंच असंही नाही. २०२२ च्या प्रो कबड्डीत पवन सेहरावतला तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. अख्खा हंगाम बाहेर. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्यालाच २ कोटी ६० लाखांच्या वर नेलं! मला आनंदच झाला. पण वेळेवर ऑपरेशन आणि नंतरचे महिनोन्महिने व्यायाम नीट झाले तर गुडघा परत येऊ शकतो, हे त्या दिवशी दादा आणि मी शेजारी बसून टीव्हीवर बघितलं. दोघंही काही बोललो नाही. दादाचं ऑपरेशन सव्वा वर्षाने झालं होतं, आईच्या पाटल्या मोडून.

कारखान्यात मशीनमध्ये हात गेला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ सालीच झाला. इंग्रजांना कळलं होतं! राज्य सरकार दहीहंडीच्या गोविंदांचा विमा काढतं, चांगलंच करतं. मग ज्या स्पर्धेत बक्षीस लाखाचं आहे तिथे खेळाडूंचा विमा उतरवल्याशिवाय मैदान आखूच का द्यावं? खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे म्हणतील. आहे ना. पण त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राच्या आधीच पाय गेला तर?

आयोजकांतली पोरं वाईट नसतात, हेही लिहितो. वर्गणीसाठी दारोदार फिरतात, रात्र रात्र जागून मॅट अंथरतात. दादाला उचलून गाडीत घालणारेही तेच होते. त्यांच्यावर नाही राग. राग त्या 'बघतो रे'वर आहे.

तो नारळ आईने फोडला नाही. देवापाशी ठेवला होता, आता हलवला की आत खडखड वाजतो. पाकीट दादाने तसंच कपाटात ठेवलं होतं. आज संध्याकाळी ते काढलं आणि मला म्हणाला, 'मला ते क्यूआरचं जमत नाही, एवढे त्या पोराला पाठव.' ५,००१. नोटा अजून कोऱ्या होत्या.