औषधांच्या कपाटाची किल्ली

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा आमच्या नर्सिंग कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस एकच वाद: नर्सनी संप करावा का? काही जणी आझाद मैदानावरून लिहीत होत्या. मी इंग्लंडमधून. सल्ला द्यायला सर्वांत सोयीची जागा!

मला मात्र वेगळंच विचारायचं होतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटपाशी कोण थांबणार, हे ठरवलं कुणी आणि कधी?

डिसेंबर २०२२ मध्ये इथे रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सच्या युनियनचा संप झाला. संघटना १९१६ सालची, पण इंग्लंडमध्ये तिचा हा पहिलाच संप. तेव्हा कायद्याने १४ दिवसांची नोटीस लागायची. त्या दिवसांत आमच्या इन्चार्ज सिस्टर आणि युनियनची प्रतिनिधी ऑफिसात एकेका बेडचा हिशेब मांडत बसलेल्या मी पाहिल्या. केमोथेरपी, डायलिसिस, आयसीयू संपातून वगळलेले. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली, घरी जाण्याजोग्या पेशंटना आधीच डिस्चार्ज दिला. नर्सिंगची नोंदणी चालू असलेल्या दोन मॅनेजरबाईंनी कपाटातून युनिफॉर्म काढले. आमच्या वॉर्डात रात्रपाळीइतक्या नर्स ठेवायच्या ठरल्या. इन्चार्ज म्हणाली, "चला, उद्या तरी तेवढ्या येतील!" एरवी कित्येकदा दिवसपाळीलाही तेवढ्या नसायच्या.

इथलंही सगळं गोड नाही. संप पुढे चालू ठेवावा का, यावरच्या २०२३ च्या फेरमतदानात मोठं बहुमत संपाच्या बाजूने होतं, पण निम्म्याहून कमी जणांनी मतदान केलं म्हणून कायद्याने संप तिथेच अडला.

आपल्याकडे मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप आठवा. तारीख आधीच जाहीर होती. संप सुरू झाला त्याच दिवशी विधिमंडळाने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालू देणारा कायदा, मंजूर केला. इतकी तत्परता वॉर्डात कोण थांबणार त्या यादीसाठी मी कधी पाहिली नाही. वॉर्ड सांभाळायला धाडतात नर्सिंगच्या विद्यार्थिनींना. मीही दुसऱ्या वर्षाला असताना अशीच गेले होते. तीस बेड, आम्ही दोघी, आणि औषधांच्या कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे, कुणालाच ठाऊक नाही. एक आजोबा दर पाच मिनिटांनी विचारत होते, "सिस्टर, इंजेक्शन?"

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर मैदानातल्या मैत्रिणीचा मेसेज आला: "नोटीस आम्हीही देतो गं. कोण थांबणार ते ठरवायला बोलावतं कोण?"

"आणि किल्ली?"

"इन्चार्जच्या पर्समध्ये. ती इथे माझ्या शेजारी बसलीय."