फेटा बांधलेलं डोकं

करसल्लागारांच्या आमच्या संघटनेत नव्या सभासदाचं स्वागत करणं अगदी सोपं आहे. शाल, श्रीफळ, फेटा. कोल्हापुरात फेटा बांधणारा हाकेसरशी मिळतो. फेटा बांधलेलं डोकं पुढच्या सभेला मिळत नाही. ते हुडकून आणायचं काम माझ्याकडे आहे.

पहिलं संकट तारखेचं. दर महिन्याच्या सातला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, भरायचा; अकराला जीएसटीआर-१ आणि वीसला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. जुलै आयकर विवरणपत्रांचा. मुदतवाढ मिळाली तर सगळे मुदतवाढीत गुंतलेले. उरते ती बावीस ते सत्तावीस एवढीच पावनखिंड, आणि नेमकी तेव्हाच शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच! निम्मे सभासद पेठेतले. आपल्या तालमीच्या संघाची मॅच सोडून नव्या कलमांवरचं व्याख्यान ऐकायला या, असं सांगायची माझी छाती नाही.

ग्रुपवर व्याख्यानाचं निमंत्रण टाकलं की फक्त अंगठे येतात. खाली ‘नंतर तांबडा-पांढरा’ असं लिहिलं, की मात्र मुद्देसूद चर्चा सुरू. "श्रावण पाळणाऱ्यांनी काय करायचं?" "अख्खा मसूर ठेवा की." "व्याख्यान किती वाजता संपणार तेवढं सांगा, थेट तेव्हाच येतो."

त्यात गणसंख्येचा नियम. पुरेसे सभासद नसतील तर सभा अर्धा तास तहकूब होते, मग त्याच जागी भरते आणि तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही. बाकीची कलमं पुस्तक उघडून बघणाऱ्या आमच्या लोकांना हे एक तोंडपाठ आहे. त्यामुळे पहिला अर्धा तास सभागृहात अध्यक्ष, मी आणि माइकवाला.

नवा पोरगा कोपऱ्यात मोबाइल बघत बसू नये म्हणून एकाला मी मुद्दाम ज्येष्ठ सभासदाशेजारी बसवलं. "गाव कुठलं?" पासून सुरुवात झाली. भाकरी येईपर्यंत दोघं पाहुणे निघाले, आणि भात येईपर्यंत ज्येष्ठांनी एका नोटिशीचं उत्तर लिहायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून तो न चुकता येतो. काम दिलं की माणूस टिकतो, एवढं मला पटलंय.

त्याहून टिकाऊ म्हणजे रुसलेला सभासद. गेल्या स्वागताला अध्यक्षांनी एकाचं नाव वाचायचं राहून गेलं. तो गृहस्थ आता प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत असतो, तोही वेळेवर. इतिवृत्त मागतो, हिशेब तपासतो, चहातल्या साखरेवरूनही खोट काढतो. एवढा सक्रिय सभासद आमच्याकडे दुसरा नाही.

हे बघून अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, पुढच्या वेळी आणि कुणाचं नाव गाळायचं, बघून ठेवा." मी यादी केली. ती फुटली. आता यादीत नसलेल्यांचे फोन येतायत, "आमचंच नाव का गाळलं नाहीसा?"